नोकरी सांभाळून ॲक्च्युअरीच्या परीक्षा: अभ्यासाची आखणी कशी करावी?

रेवा (धागाकर्ती)

नमस्कार. मी कोल्हापुरात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले आणि गेली दोन वर्षे मुंबईतील एका आयुर्विमा कंपनीच्या मूल्यांकन विभागात काम करते. ॲक्च्युअरी, म्हणजे विमा आणि पेन्शनमधल्या जोखमीचे गणित मांडणारा तज्ज्ञ, होण्यासाठी द्यावी लागणारी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा, म्हणजे एसेट, पदवीच्या शेवटच्या वर्षी उत्तीर्ण झाले. त्यानंतर सीबी२ (अर्थशास्त्र) आणि सीएस१ (संख्याशास्त्र) हे पेपर पहिल्याच प्रयत्नात सुटले. मागच्या सत्रात सीएम१, म्हणजे विमागणिताचा मूळ पेपर दिला आणि त्यात नापास झाले.

वाईट वाटलेच, पण त्याहून अधिक खटकले ते हे, की मी कमी अभ्यास केला नव्हता. साडेचार महिन्यांपैकी चार महिने मी संपूर्ण अभ्याससाहित्य ओळ न ओळ वाचले, महत्त्वाच्या वाक्यांवर पिवळ्या आणि गुलाबी रंगाने खुणा केल्या, सोडवून दाखवलेली उदाहरणे समजून घेतली. जुने प्रश्नसंच शेवटच्या पंधरा दिवसांत हाती घेतले आणि त्यांतले चारच पूर्ण झाले. परीक्षेत कर्जफेडीच्या एका बारा गुणांच्या प्रश्नावर चाळीस मिनिटे गेली आणि शेवटी सोळा गुणांचे प्रश्न कोरे राहिले. याच विषयाच्या दुसऱ्या, संगणकावरच्या भागात, म्हणजे बी पेपरमध्ये तर एक्सेलमध्ये सूत्र खाली ओढताना व्याजदराचा रकाना स्थिर करायला मी विसरले, त्यामुळे पुढचा सगळा तक्ता चुकला आणि ते वेळ संपताना लक्षात आले.

पुढच्या परीक्षेला वीस आठवडे आहेत. बदलापूरहून जाऊन-येऊन रोज जवळजवळ तीन तास लोकलमध्ये जातात. सीएम१ बरोबर संख्याशास्त्राचा दुसरा पेपर सीएस२ ही द्यावा, असा विचार आहे, कारण एकेक पेपर देत बसले तर फेलो, म्हणजे पूर्ण पात्र ॲक्च्युअरी, व्हायला फार वर्षे लागतील. आपल्यापैकी जे या वाटेने गेले आहेत किंवा आज चालत आहेत, त्यांनी आपली आखणी कशी केली हे सविस्तर सांगावे, ही विनंती.

ठाणेकर

रेवा, तुम्ही आपल्या अपयशाचे जे वर्णन केले आहे त्यातच पुढच्या आखणीचे उत्तर आहे. मी पहिला पेपर दिला तेव्हा इन्स्टिट्यूट नव्हती. १९४४ साली स्थापन झालेली ॲक्च्युअरियल सोसायटी ऑफ इंडिया परीक्षा घेत असे, आणि ज्या कायद्याने इन्स्टिट्यूट झाली तो ॲक्च्युअरीज कायदा २००६ साली आला. त्या काळापासून आजपर्यंत माझ्या हाताखाली अनेक विद्यार्थी तयार झाले. त्यांतले हुशार असूनही पुन्हा पुन्हा नापास झालेले बहुतेक सगळे तुमच्यासारखेच वाचत होते. वाचताना समजणे आणि कोऱ्या कागदावर स्वतः मांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षा दुसरीची असते.

आधी तास मोजा. कॅलेंडरवर वीस आठवडे दिसतात, पण ते वीस नाहीत. गणपतीला कोल्हापूरला जाणार असाल तर तो आठवडा वजा करा. सप्टेंबरअखेरच्या मूल्यांकनाचे काम तुमच्या विभागात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालणार, तेव्हा ते दोन आठवडे मिळून एकच धरा. आजारपण, लग्नकार्य, पाहुणे यांच्या नावाने आणखी एक आठवडा सोडा. उरले सतरा. नोकरीच्या दिवशी दीड तास आणि शनिवारी-रविवारी चार-चार तास धरले तर आठवड्याला साडेपंधरा, म्हणजे एकूण सुमारे २६० तास होतात. याहून अधिक धरू नका. रोज चार तासांचे वेळापत्रक भिंतीवर लावणारा विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात मागे पडतो, आणि एकदा मागे पडल्याची भावना मनात बसली की आखणीवरचा विश्वासच उडतो.

या २६० तासांत सीएम१ आणि सीएस२ दोन्ही बसणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सीएम१ चा हा दुसरा प्रयत्न असला तरी त्याला दीडशे तास लागतील, कारण तुम्हाला सोडवण्याचे काम जवळजवळ पहिल्यापासून करायचे आहे. सीएस२ मध्ये मार्कोव्ह साखळ्या, जीवनकालाचे विश्लेषण, कालश्रेणी, टोकाच्या मूल्यांचे वितरण असे एकमेकांपासून दूरचे विषय आहेत. त्याला दोनशे तासांखाली हात लावू नये. सीएम१ सोबत सीबी१ घ्या. त्यात ताळेबंद आणि वित्तव्यवहार आहे. विचार करण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे एकाचा कंटाळा आला की दुसरा घेता येतो.

आता सोडवण्याविषयी. तुमची चाळीस मिनिटे जिथे गेली तेच उदाहरण घेऊ. दहा लाखांचे कर्ज, वीस वर्षे, दरवर्षाच्या अखेरीस समान हप्ता, व्याज द. सा. ९ टक्के. वीस वर्षांच्या ॲन्युइटीचे, म्हणजे दरवर्षी येणाऱ्या एकेका रुपयाचे, आजचे मूल्य ९.१२८५, म्हणून हप्ता सुमारे १,०९,५४६ रुपये. पहिल्या हप्त्यातले ९०,००० रुपये व्याजातच गेले, मुद्दल फिटले अवघे १९,५४६. दहा हप्ते भरल्यानंतर कर्ज किती उरले, असे विचारले की वाचून तयारी केलेला विद्यार्थी वर्षावार तक्ता मांडू लागतो आणि त्याची पंधरा मिनिटे जातात. सोडवून तयारी केलेला विद्यार्थी एका ओळीत लिहितो, की उरलेल्या दहा हप्त्यांचे त्या दिवशीचे मूल्य हेच उरलेले कर्ज. दहा वर्षांची ॲन्युइटी ६.४१७७, गुणाकार केला की सुमारे ७,०३,००० रुपये. त्या दिवसापासून दर ८ टक्के झाला तर नवा हप्ता? ७,०३,००० ला ८ टक्क्यांच्या ॲन्युइटीने, म्हणजे ६.७१०१ ने भागा; १,०४,७७० च्या आसपास येतो. दोन ओळींत प्रश्न संपला. निम्मी मुदत उलटूनही सत्तर टक्के कर्ज शिल्लक असते, हे एकदा स्वतःच्या हाताने काढलेल्या माणसाचे उत्तर परीक्षेत पाच लाख आले तर त्याला तिथल्या तिथे शंका येते. ही शंका पाठांतराने येत नाही.

एक व्यावहारिक गोष्टही सांगतो, कारण नव्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक नसते. २०१९ साली अभ्यासक्रम बदलला आणि जुन्या पेपरांची सीटी मालिका बंद झाली. तुमच्या सीएम१ मध्ये जुना सीटी१ आणि सीटी५ चा बराचसा भाग एकत्र आहे. त्यामुळे २००५ ते २०१८ या काळातले त्या दोन विषयांचे प्रश्नसंच तुमच्यासाठी मोठा साठा आहे. नव्या पद्धतीचे पेपर थोडे आहेत, ते वेळ लावून सोडवायला राखून ठेवा आणि रोजच्या सरावाला जुने वापरा. अभ्यासक्रमात नसलेला प्रश्न आला तर तो सोडून पुढे जा.

इंद्रायणी

मी मूळची आळंदीची, आता लंडनमध्ये नोकरी करते आणि इथल्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीजच्या परीक्षा देते. लंडनची इन्स्टिट्यूट १८४८ ची आणि स्कॉटलंडची फॅकल्टी १८५६ ची. २०१० साली दोन्ही एक झाल्या. भारतातल्या पेपरांची रचना आणि नावे यांच्याशी मिळतीजुळती असल्याने रेवाताईंची अडचण मला अगदी ओळखीची वाटली. आमची सत्रे एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये असतात.

इथे बऱ्याच कंपन्या अभ्यासासाठी भरपगारी दिवस देतात. पहिल्या वर्षी मी ते सगळे दिवस परीक्षेच्या आधी सलग घेतले आणि त्यात पुन्हा पुस्तकच वाचले. दुसऱ्या वर्षी मी तेच दिवस पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने घेतले आणि प्रत्येक दिवशी सकाळी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवला, दुपारी तो तपासला. फरक मला पहिल्या दोन पेपरांतच जाणवला. तुमच्या कंपनीत अशी रजा मिळत असेल, तर ती साठवून शेवटी वापरू नका.

ठाणेकर सरांच्या एका मुद्द्याला थोडी जोड द्यावीशी वाटते. ते म्हणतात तसे तास मोजायलाच हवेत, पण तास भरले म्हणजे काम झाले असेही होऊ नये. मी माझ्या वहीत तासांऐवजी स्वतः, पुस्तक न उघडता सोडवलेल्या प्रश्नांचे गुण लिहिते. आठवड्याला १२० गुणांचे प्रश्न, एवढेच माझे उद्दिष्ट असते. सहा तास बसूनही वीसच गुणांचे प्रश्न झाले, तर त्या दिवशी मी वाचत बसले होते हे मला मान्य करावे लागते.

लोकलमधल्या तीन तासांचे मात्र तुम्ही सोने करू शकता. उभ्याने प्रवास असेल तर गणित सोडवता येणार नाही, पण खिशात मावतील अशा चिठ्ठ्या वाचता येतील. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. चिठ्ठी स्वतः लिहावी, विकत घेऊ नये.

रेवा

ठाणेकर सर, इंद्रायणीताई, मनापासून आभार. सीएस२ पुढच्या सत्रावर टाकला. गुण मोजण्याची कल्पना आजपासूनच सुरू केली आणि पहिल्या संध्याकाळी दीड तासात फक्त अकरा गुणांचे प्रश्न झाले, त्यातही दोन उत्तरे चुकली. आता कळते आहे, की मागच्या वेळी मी कुठे होते.

एक प्रश्न विचारते. बी पेपरचा सराव कधी सुरू करावा? मागच्या वेळी मी तो ए पेपर संपल्यावर करायचा म्हणून ठेवला होता.

पाऊलवाट

रेवाताई, बी पेपर मागे ठेवू नका. दोन्ही भाग मिळून एकच निकाल लागतो आणि त्यात ए चा भार ७० टक्के तर बी चा ३० टक्के असतो. ए मध्ये एका गुणाला साधारण दोन मिनिटे मिळतात, बी मध्ये जेमतेम एक. म्हणजे बी मध्ये विचार करायला वेळ नसतोच, हाताला वळण असावे लागते.

मी प्रत्येक प्रकरण संपले की त्याच दिवशी त्यातले एक उदाहरण एक्सेलमध्ये बांधत असे. कर्जाचा तक्ता, नफ्याची चाचणी, पुढच्या दाव्यांसाठी बाजूला ठेवलेल्या राखीव निधीची वर्षावार मांडणी, हे सगळे कोऱ्या पानापासून. गृहीतके नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यात एकत्र ठेवायची, प्रत्येक रकान्याला नाव द्यायचे, आणि दर व मुदत यांचे संदर्भ डॉलरच्या चिन्हाने स्थिर करायचे. तुमची चूक नेमकी इथली होती. तक्त्याच्या शेवटी एक पडताळणीचा रकाना ठेवा. कर्ज असेल तर शेवटची बाकी शून्य यायला हवी, राखीव निधी असेल तर मागे पाहून काढलेली आणि पुढे पाहून काढलेली रक्कम समान गृहीतकांवर जुळायला हवी. तुम्ही ही एक ओळ लिहिली असती, तर चूक शेवटच्या मिनिटाला नव्हे, तिसऱ्या मिनिटाला सापडली असती.

सीएस२ ला बसाल तेव्हा आर ही संगणकभाषा येईल; सीएस१ मध्ये तिची ओळख झालीच आहे. तिथे मी एक मोठी चूक केली होती. संगणकाने दिलेले आकडे उत्तरपत्रिकेत चिकटवले आणि त्यांचा अर्थ लिहिला नाही. प-मूल्य ०.०३ आले, एवढे पुरत नाही. पाच टक्के पातळीवर मूळ गृहीतक फेटाळले जाते आणि म्हणून धूम्रपान करणाऱ्यांचा मृत्युदर वेगळा आहे असे म्हणायला आधार मिळतो, हे वाक्य लिहावे लागते. गुण त्या वाक्याला असतात.

तळटीप

सीपी१, म्हणजे ॲक्च्युअरीच्या प्रत्यक्ष व्यवहारावरचा पुढच्या टप्प्यातला पेपर, याची तयारी करत असल्यामुळे एक वेगळी बाजू मांडतो. रेवाताई अजून तिथे पोहोचलेल्या नाहीत, पण सवय आजपासून लागली तर बरे.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. गणिताच्या पेपरांत माध्यमाची अडचण कधी आली नाही. सीपी१ मध्ये मात्र आकडेमोड कमी आणि कारणे, जोखमी, पर्याय यांचे लेखन फार, तेही इंग्रजीतून आणि वेळेच्या दडपणाखाली. पहिल्या प्रयत्नात मी पाठ केलेल्या याद्या लिहून आलो. प्रश्न एका विशिष्ट कंपनीबद्दल होता आणि माझे उत्तर कोणत्याही कंपनीला लागू पडेल असे होते.

त्यानंतर मी एक पद्धत धरली. प्रत्येक मुद्दा आधी मराठीत, घरच्या माणसाला समजेल असा सांगायचा. मी आईला विचारले, की विमा घेतलेल्या माणसाने दुसऱ्याच वर्षी हप्ता बंद केला तर कंपनीचा फायदा की तोटा? ती म्हणाली, फायदा, कारण विमा द्यावाच लागत नाही. मग मी तिला समजावले, की एजंटाचे पहिल्या वर्षीचे कमिशन, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रे यांवर कंपनीने सुरुवातीलाच मोठा खर्च केलेला असतो आणि तो पुढच्या कित्येक हप्त्यांतून भरून निघायचा असतो. त्यावर ती म्हणाली, मग खूप वर्षे हप्ते भरून झाल्यावर कोणी सोडून गेला तर? मी थांबलो. त्या वेळी राखीव निधी परत केलेल्या रकमेपेक्षा मोठा असेल तर कंपनीला फायदाही होऊ शकतो, हे मला तिच्या प्रश्नामुळे नीट मांडता आले. एकाच घटनेचे परिणाम वेळेप्रमाणे उलटतात, आणि सीपी१ ला नेमके असेच उत्तर हवे असते. मराठीत विचार पक्का झाला, की इंग्रजीत छोटी वाक्ये लिहिणे अवघड जात नाही.

इंद्रायणी

तळटीप, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. मी याचा उपयोग सीएम१ साठीही केला होता. सूत्र लिहिण्याआधी ते एका मराठी वाक्यात म्हणायचे: येणाऱ्या हप्त्यांचे आजचे मूल्य बरोबर द्यायच्या रकमेचे आजचे मूल्य अधिक खर्चाचे आजचे मूल्य. हे वाक्य म्हटले की खर्चाचे पद विसरले जात नाही.

उत्तरायण

मी पाच पेपर देऊन ही वाट सोडली आणि आज विदा-विश्लेषणात काम करतो. धाग्यावर माझ्यासारख्याचा अनुभवही असावा असे वाटले, कारण आखणीत थांबण्याचा विचारही असावा लागतो.

मी सीएम२, म्हणजे सीएम१ च्या पुढचा वित्तीय गणिताचा पेपर, तीन वेळा दिला. दर वेळी निकाल लागला की त्याच संध्याकाळी पुढच्या सत्राचा अर्ज भरत असे. ना उत्तरपत्रिका आठवून तपासली, ना पद्धत बदलली. एकाच प्रकारचा अभ्यास तीनदा केला. चौथ्यांदा अर्ज भरताना बायकोने विचारले, की या वेळी वेगळे काय करणार आहेस, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मला या व्यवसायाबद्दल आजही आदर आहे आणि शिकलेले संख्याशास्त्र रोज कामाला येते. पण प्रत्येक अपयशानंतर पंधरा दिवस थांबून लेखी उत्तर द्यावे, की पुढच्या वेळी काय बदलणार, एवढे मी नक्की सांगेन. रेवाताईंनी ते या धाग्यात केलेच आहे, म्हणून मला त्यांच्याबद्दल खात्री वाटते.

ठाणेकर

उत्तरायण, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. त्यालाच धरून चुकांच्या वहीबद्दल सांगतो. माझ्या सर्व विद्यार्थ्यांना मी एक दोनशे पानी वही वेगळी ठेवायला लावतो. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाची तीनच गोष्टींत नोंद करायची: काय लिहिले, काय हवे होते, आणि का चुकले. ‘का’ समोर ‘दुर्लक्ष’ असे लिहायला माझी बंदी आहे. दुर्लक्षालाही कारण असते. एका मुलीच्या वहीत अकरा वेळा तेच निघाले, की ती हप्ता वर्षाच्या सुरुवातीला आहे की अखेरीस हे न पाहता सूत्र लिहीत होती. त्यानंतर तिने प्रश्न वाचताना ते शब्द अधोरेखित करायला सुरुवात केली, आणि ती चूक थांबली.

सारण्यांचे पुस्तकही पहिल्या दिवसापासून हातात असू द्या. कार्यालयात तुम्ही भारतीय विमाधारकांची २०१२-१४ ची मृत्युसारणी वापरत असाल, पण परीक्षेत एएम९२ ही ब्रिटिश मृत्युसारणी उघडावी लागते. त्यात ४ टक्के दराने वय ४० ला आजीवन ॲन्युइटी २०.००५ आणि आजीवन विम्याचे मूल्य ०.२३०५६ दिले आहे. एकातून दुसरे काढून पाहा, जुळेल. एक लाखाच्या विम्याचा निव्वळ वार्षिक हप्ता सुमारे १,१५३ रुपये येतो. असे दहा-वीस आकडे ओळखीचे झाले, की चुकीच्या रकान्यात बोट गेल्याचे लगेच कळते.

रेवा

सर्वांचे सल्ले एकत्र करून मी आखणी केली आहे. पहिले अकरा आठवडे सीएम१ ची प्रकरणे जुन्या सीटी१ आणि सीटी५ च्या प्रश्नांसह, प्रत्येक प्रकरणाला त्याच दिवशी एक्सेलचे एक उदाहरण, आठवड्याला किमान शंभर गुण. सीबी१ शनिवारी दुपारी आणि लोकलमध्ये. उरलेल्या सहा आठवड्यांत दर रविवारी सकाळी एक पूर्ण ए पेपर आणि दर बुधवारी रात्री एक बी पेपर. सोडलेले तीन आठवडे कोणत्याही कामाला हात न लावता तसेच ठेवले आहेत. वही आणली आहे, तिच्यात आतापर्यंत सात नोंदी झाल्या आहेत.

ठाणेकर सर, पहिला पूर्ण पेपर मी स्वतः तपासला तर स्वतःला झुकते माप देईन अशी भीती वाटते. आपण तो पाहू शकाल का?

ठाणेकर

अवश्य पाहीन. रविवारी सकाळी नऊला बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि प्रत्येक प्रश्न सुरू करताना समासात घड्याळातली वेळ लिहा. जो प्रश्न सुटला नाही त्याची अर्धवट मांडणीही खोडू नका, मला तीच आधी वाचायची आहे. पानांचे फोटो दुपारपर्यंत निरोपातून पाठवा, मी संध्याकाळी तपासून परत करतो.